भाकरीला डाळीची जोड का लागते? हैदराबादच्या संशोधनातून समजून घ्या अमिनो आम्लांचा हिशेब

हैदराबाद : ज्वारीची भाकरी ही महाराष्ट्र, कर्नाटक आणि तेलंगणा या तिन्ही राज्यांच्या सीमाभागाची सामायिक ओळख. नांदेड-लातूरकडे ती भाकरी, बिदर-कलबुर्गीकडे जोळद रोट्टी आणि जहीराबाद-संगारेड्डीकडे जोन्ना रोट्टे. नाव बदलते, पीठ तेच. याच ज्वारीबद्दल हैदराबादच्या तार्नाका भागातील राष्ट्रीय पोषण संस्थेत साठेक वर्षांपूर्वी एक संशोधन झाले आणि त्याची दखल जगभर घेतली गेली. पोटभर भाकरी खाणारा माणूससुद्धा आजारी का पडतो, हा त्यामागचा प्रश्न होता. त्याचे उत्तर शोधताना संशोधक पोहोचले ते अमिनो आम्लांपर्यंत.

आज जिममध्ये जाणाऱ्या पोरांपासून ते शुगरमुळे भातावरून भाकरीवर आलेल्या ज्येष्ठांपर्यंत सगळेच ‘प्रोटीन किती ग्रॅम’ ते मोजताना दिसतात. पण प्रथिने नुसती ग्रॅमवर मोजून भागत नाहीत. त्यात कोणती अमिनो आम्ले किती आहेत, हे जास्त महत्त्वाचे. ते कसे, हे सोप्या भाषेत पाहू.

अमिनो आम्ल म्हणजे काय?

प्रथिन म्हणजे एक लांबलचक साखळी आणि अमिनो आम्ल म्हणजे त्या साखळीची एकेक कडी. आपल्या शरीरातील प्रथिने मुख्यतः २० प्रकारच्या अमिनो आम्लांपासून बनतात. केस, नखे, स्नायू, रक्तातील हिमोग्लोबिन, अन्न पचवणारी पाचके, इन्सुलिन हे सगळे याच वीस कड्यांच्या वेगवेगळ्या जुळणीतून तयार होते.

प्रत्येक कडीची मूळ रचना सारखीच असते. मध्ये एक कार्बनचा अणू. त्याच्या एका बाजूला नायट्रोजन असलेला अमिनो गट, दुसऱ्या बाजूला आम्लाचा गट, तिसरीकडे हायड्रोजनचा अणू आणि चौथ्या बाजूला ‘बाजूची साखळी’. पहिल्या तीन गोष्टी जवळपास सगळ्यांत सारख्या, फरक असतो तो या चौथ्या बाजूत. ग्लायसीन या सर्वांत साध्या अमिनो आम्लात तिथे फक्त एक हायड्रोजन असतो, तर ट्रिप्टोफॅनमध्ये दोन कड्यांची मोठी, जड रचना असते.

एका अमिनो आम्लाचा आम्ल गट दुसऱ्याच्या अमिनो गटाला जोडला जातो तेव्हा पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो आणि दोघांत घट्ट बंध तयार होतो. त्याला पेप्टाइड बंध म्हणतात. असे शेकडो बंध जुळत गेले की प्रथिनाची साखळी तयार. ही साखळी सरळ राहत नाही. ती वळते, घड्या घेते आणि ठरावीक आकारात बसते. प्रथिनाचे काम त्या आकारावर अवलंबून असते.

वर्गवारी कशी करतात?

अमिनो आम्लांची वर्गवारी मुख्यतः दोन प्रकारे होते. पहिली, बाजूच्या साखळीच्या स्वभावावरून.

काही अमिनो आम्ले पाण्यापासून दूर पळणारी असतात. ल्युसीन, आयसोल्युसीन, व्हॅलीन, फिनाइलअलॅनिन ही त्यातली. प्रथिन घडी घेते तेव्हा ही मंडळी सहसा आतल्या बाजूला लपतात. सेरीन, थ्रिओनिन, ग्लुटामिन यांचे पाण्याशी जमते, पण त्यांच्यावर विद्युतभार नसतो. अॅस्पार्टिक आणि ग्लुटामिक आम्लावर सर्वसाधारणपणे ऋण भार असतो, तर लायसीन आणि आर्जिनिनवर धन भार. मेथिओनिन आणि सिस्टीन या दोघांत गंधक असते. सिस्टीनच्या दोन कड्या एकमेकींना गंधकाने बांधल्या जातात. केस आणि नखे टणक असतात ते मोठ्या प्रमाणात याच बांधणीमुळे. केस जळाल्यावर येणारा उग्र वास त्या गंधकाचाच.

हा विद्युतभाराचा खेळ स्वयंपाकघरातही दिसतो. दुधातल्या केसीन या प्रथिनाचे कण ऋण भारामुळे एकमेकांना दूर ढकलत असतात. लिंबू पिळले की आम्लामुळे तो भार कमी होतो, कण एकत्र येतात आणि दूध फाटते. अंडे उकडल्यावर घट्ट होते तेव्हा मात्र साखळी तुटत नाही. उष्णतेने तिच्या घड्या उलगडतात आणि साखळ्या एकमेकींत गुंततात.

दुसरी वर्गवारी आहाराच्या दृष्टीने महत्त्वाची. वीसपैकी ११ अमिनो आम्ले शरीर स्वतः तयार करू शकते. उरलेली ९ अन्नातूनच मिळवावी लागतात : हिस्टिडीन, आयसोल्युसीन, ल्युसीन, लायसीन, मेथिओनिन, फिनाइलअलॅनिन, थ्रिओनिन, ट्रिप्टोफॅन आणि व्हॅलीन. यांना ‘आवश्यक’ अमिनो आम्ले म्हणतात. याचा अर्थ बाकीची बिनकामाची असा नाही. ती घरच्या घरी तयार होतात, एवढेच.

एक कडी बदलली तर?

साखळीतला क्रम किती महत्त्वाचा, याचे उदाहरण सीमाभागाला दुर्दैवाने चांगलेच परिचित आहे, ते म्हणजे सिकलसेल. गडचिरोली, मेळघाट, नंदुरबारपासून तेलंगणातील आदिलाबादपर्यंतच्या आदिवासी पट्ट्यात हा आजार आढळतो. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत १४६ अमिनो आम्ले असतात. सिकलसेलमध्ये त्यातल्या सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन येते. पाण्याशी जुळवून घेणारी, भार असलेली कडी जाऊन पाण्यापासून पळणारी कडी आली. बस, फरक एवढाच. पण त्यामुळे प्राणवायू कमी झाला की हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटतात, तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. हा दोष जनुकातून येतो, आहारातून नाही.

आहाराचा प्रश्न वेगळा आहे. तिथे क्रम बरोबर असतो, पण कड्याच कमी पडतात.

‘ल’चे खिळे भरपूर, पण ‘क’ संपला

पूर्वी छापखान्यात शिशाचे खिळे जुळवून मजकूर तयार व्हायचा. जुळारीच्या पेटीत ‘ल’चे खिळे कितीही असले आणि ‘क’चे खिळे संपले, तर पान अडकायचे. जास्तीचा ‘ल’ लावून ‘क’चे काम भागत नाही.

शरीराचेही असेच आहे. प्रथिन तयार करताना एखादे आवश्यक अमिनो आम्ल कमी पडले, तर बाकीची कितीही असली तरी काम त्याच्याच मर्यादेत चालते. शिवाय शरीरात अमिनो आम्लांची साठवणूक करणारे कोठार नाही. उरलेल्या अमिनो आम्लांतील नायट्रोजन यकृतात युरियात बदलून लघवीवाटे जातो आणि बाकीचा भाग ऊर्जेसाठी जळतो किंवा चरबीत जमा होतो. म्हणजे महागाचे प्रथिन सरपणासारखे वापरले जाते.

ज्वारीत हा कमी पडणारा खिळा म्हणजे लायसीन. ज्वारीच्या १०० ग्रॅम पिठात साधारण १० ग्रॅम प्रथिने असतात, ही काही वाईट गोष्ट नाही. तांदळापेक्षा ती जास्तच. पण त्या प्रथिनांत लायसीन असते जेमतेम २.३ टक्के. तुरीच्या डाळीत १०० ग्रॅममागे सुमारे २२ ग्रॅम प्रथिने आणि त्यात लायसीन साधारण साडेसहा टक्के, म्हणजे ज्वारीच्या जवळपास तिप्पट.

हिशेब करून पाहू

५० किलो वजनाची एक निरोगी महिला घेऊ. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीनुसार किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिने धरली, तर तिला दिवसाला साधारण ४२ ग्रॅम प्रथिने लागतात. लायसीनची गरज जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यानुसार किलोमागे ३० मिलिग्रॅम, म्हणजे दिवसाला १,५०० मिलिग्रॅम.

आता तिने दिवसभर फक्त भाकरीच खाल्ली असे समजा. ४२० ग्रॅम पिठाच्या भाकरी झाल्या की ४२ ग्रॅम प्रथिने पूर्ण. कागदावर हिशेब जुळला. पण लायसीन मिळाले सुमारे ९७० मिलिग्रॅम, म्हणजे गरजेच्या दोन तृतीयांशापेक्षाही कमी. त्यातच ज्वारीतील काफिरीन नावाचे मुख्य प्रथिन शिजवल्यावर पचायला जड जाते, त्यामुळे प्रत्यक्षात हाती येते ते आणखी कमी.

आता ३०० ग्रॅम पिठाच्या भाकरी आणि दोन्ही वेळचे मिळून ६० ग्रॅम कच्च्या तुरीचे वरण घेऊ. प्रथिने होतात ४३ ग्रॅम, म्हणजे जवळपास तेवढीच. पण भाकरीचे ६९० आणि डाळीचे सुमारे ८५० मिळून लायसीन पोहोचते १,५०० मिलिग्रॅमच्या वर. ग्रॅम तेच, हिशेब मात्र पूर्ण.

उलट बाजूही पाहायला हवी. डाळीत मेथिओनिन कमी असते, ते धान्यात तुलनेने बरे असते. म्हणजे डाळ भाकरीची उणीव भरते आणि भाकरी डाळीची. साधारण तीन भाग धान्याला एक भाग डाळ हे प्रमाण आहारतज्ज्ञ सांगतात ते यासाठीच. दोन्ही एकाच घासात पाहिजेत असे मात्र नाही; दिवसभराच्या जेवणात जोड झाली तरी चालते.

हैदराबादने काय शोधले?

आता येऊ मूळ गोष्टीकडे. राष्ट्रीय पोषण संस्थेची सुरुवात १९१८ मध्ये तमिळनाडूतील कुन्नूर येथे झाली. रॉबर्ट मॅकॅरिसन यांनी बेरीबेरी या आजाराच्या अभ्यासासाठी तिथे छोटी प्रयोगशाळा सुरू केली होती. १९५८ मध्ये ही संस्था हैदराबादला, उस्मानिया विद्यापीठाच्या परिसरात आली. राष्ट्रीय पोषण संस्था हे नाव तिला १९६९ मध्ये मिळाले.

हैदराबादला आल्यावर संशोधकांसमोर एक कोडे उभे राहिले. इथल्या रुग्णांत पेलाग्रा दिसत होता. या आजारात उन्हात उघड्या राहणाऱ्या कातडीवर, म्हणजे हात, पाय आणि मानेभोवती, काळपट, खरबरीत चट्टे उठतात. जुलाब लागतात. माणूस चिडचिडा, उदास होतो, पुढे भ्रमिष्टासारखा वागतो. उपचार न मिळाल्यास मृत्यूही ओढवतो. रुग्णांत मोलमजुरी करणारे, ज्वारीवरच गुजराण करणारे लोक होते.

पेलाग्रा हा तोपर्यंत मक्याचा आजार समजला जायचा. अमेरिकेच्या दक्षिण भागात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याने थैमान घातले होते. जोसेफ गोल्डबर्गर यांनी तो संसर्गाने नव्हे, तर निकस आहाराने होतो हे दाखवून दिले. १९३७ मध्ये नायसिन हे जीवनसत्त्व त्यावरचा उपाय असल्याचे कळले. पुढे असे लक्षात आले की शरीर ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लापासून थोडे नायसिन स्वतः तयार करते. साधारण ६० मिलिग्रॅम ट्रिप्टोफॅनपासून १ मिलिग्रॅम नायसिन. मक्यात ट्रिप्टोफॅन फारच कमी आणि त्यातले नायसिनही शरीराला सहज न मिळणारे, म्हणून मका खाणाऱ्यांना पेलाग्रा.

पण ज्वारीत ट्रिप्टोफॅन मक्याइतके कमी नाही. मग ज्वारी खाणाऱ्यांना हा आजार का?

डॉ. सी. गोपालन आणि डॉ. एस. जी. श्रीकांतिया यांनी १९६० मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात याचे एक उत्तर मांडले. मका आणि ज्वारी या दोन्हींत एक गोष्ट समान होती : ल्युसीनचे जादा प्रमाण. ज्वारीच्या प्रथिनांत ते १२ टक्के किंवा त्याहूनही जास्त असते. एका अमिनो आम्लाचा अतिरेक झाला की दुसऱ्याच्या व्यवहारात अडथळा येतो आणि ट्रिप्टोफॅनपासून नायसिन बनण्याचे गणित बिघडते, असा त्यांचा मुद्दा होता. हैदराबादच्या प्रयोगशाळेत कुत्र्यांवर झालेल्या प्रयोगांत ज्वारीच्या आहाराने त्यांना ‘काळी जीभ’ हा पेलाग्रासारखा विकार झाला. आयसोल्युसीन दिल्यास हा दुष्परिणाम कमी होतो, असेही पुढच्या अभ्यासात दिसले. ब-६ जीवनसत्त्वाची कमतरताही यात भर घालते, हे याच संस्थेने पुढे आणले. कमी ल्युसीन असलेले ज्वारीचे वाण शोधण्याचे कामही त्यातून सुरू झाले.

या सिद्धांतावर वाद झाला, हेही सांगायला हवे. परदेशातील काही प्रयोगशाळांना ल्युसीनचा तसाच परिणाम आढळला नाही. त्यामुळे केवळ ल्युसीनमुळे पेलाग्रा होतो, असे आज कोणी ठामपणे म्हणत नाही. पण अन्नात काय कमी आहे एवढेच न पाहता, काय कशाच्या तुलनेत जास्त आहे हेही पाहावे लागते, हा विचार हैदराबादने ठळकपणे मांडला. डॉ. गोपालन पुढे या संस्थेचे संचालक आणि नंतर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे महासंचालक झाले. २०१९ मध्ये, वयाच्या शंभराव्या वर्षी त्यांचे निधन झाले.

मग ज्वारी खायची की नाही?

खायची, बिनधास्त खायची. ज्वारीत तंतुमय पदार्थ, लोह, मॅग्नेशियम आहे आणि कोरडवाहू शेतकऱ्याचे ते हक्काचे पीक आहे. पेलाग्रा झाला तो भाकरीमुळे नव्हे. भाकरीसोबत ताटात मीठ-मिरचीशिवाय दुसरे काहीच नसल्यामुळे झाला. आहारात विविधता आली तसा हा आजार दुर्मिळ झाला. आता तो दिसलाच तर दारूच्या आहारी गेलेल्या, खाणे सुटलेल्या माणसांत किंवा क्षयरोगावरील आयसोनियाझिड हे औषध घेणाऱ्या कुपोषित रुग्णांत.

धान्यातच लायसीन वाढवण्याचे प्रयत्नही झाले. १९७३ मध्ये अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाच्या संशोधकांना इथिओपियाच्या ज्वारीत जास्त लायसीनचे वाण सापडले. पण त्याचा दाणा सुरकुतलेला होता. मक्यात मात्र असा सुधारित वाण यशस्वी झाला आणि त्यासाठी भारतीय वंशाचे सुरिंदर वसल आणि मेक्सिकोच्या इव्हान्जेलिना व्हिलेगास यांना २००० सालचा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. ज्वारीची उणीव भरायला मात्र आपल्याकडे तूर आहेच. हैदराबादजवळच्या पाटणचेरू येथील इक्रिसॅट ही संस्था ज्वारी आणि तूर या दोन्ही पिकांवर काम करते. तिथून आलेले ‘मारुती’ आणि ‘आशा’ हे तुरीचे वाण सीमाभागातील शेतकऱ्यांच्या चांगल्याच ओळखीचे आहेत. शेतात ज्वारीत तुरीचे पाटे टाकण्याची जुनी पद्धत ताटातही तितकीच बरोबर ठरते.

कशासोबत काय?

भाकरीसोबत पिठले किंवा झुणका : उत्तम जोड. हरभऱ्याच्या डाळीत लायसीन भरपूर असते.

अंबाडीची भाजी : मराठवाड्यात ती तुरीची डाळ आणि ज्वारीच्या कण्या घालून करतात. एकाच भांड्यात दोन्हींची जोड होते.

दही, ताक, दूध, अंडी, मासे, मटण : लायसीन चांगले. थोडे प्रमाणही उपयोगी पडते. ताक मात्र पाणीदार असेल तर त्यात प्रथिने कमीच.

शेंगदाण्याची किंवा तिळाची चटणी : इथे बऱ्याच जणांची गफलत होते. यात प्रथिने आहेत, पण लायसीन बेताचेच. त्यामुळे चटणी-भाकरी चवीला कितीही भारी असली तरी ती डाळीची जागा घेऊ शकत नाही. तिळात मेथिओनिन चांगले असते, म्हणून तिळाची खरी जोडी डाळीशी.

हैदराबादी खट्टी दाळ आणि भात, खिचडी, इडली-सांबार : तत्त्व तेच. तांदळात लायसीन ज्वारीपेक्षा थोडे बरे असले तरी डाळीची गरज त्यालाही आहे.

डब्यातल्या पावडरीचे काय?

हैदराबादच काय, आता तालुक्याच्या गावातही जिमबाहेर प्रोटीन पावडर आणि ‘बीसीएए’चे डबे विकले जातात. बीसीएए म्हणजे ल्युसीन, आयसोल्युसीन आणि व्हॅलीन ही तीन अमिनो आम्ले. ल्युसीन स्नायूंना प्रथिन तयार करण्याचा इशारा देते, हे खरे आहे. पण इशारा मिळाला तरी बांधकामासाठी नऊच्या नऊ आवश्यक अमिनो आम्ले लागतात. डब्यात आहेत फक्त तीन. त्यातले ल्युसीन तर भाकरीत आधीच भरपूर. स्नायू वाढवण्यासाठी प्रोटीन पावडर टाळावी, असा सल्ला राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या आहार मार्गदर्शक सूचनांत दिला आहे.

खरी काळजी वेगळीच आहे. तूरडाळीचे भाव वाढले की सर्वांत आधी वरण पातळ होते. भाकरी तेवढीच राहते, पोटही भरते, त्यामुळे काही कमी पडले हे घरात कोणाच्या लक्षातच येत नाही. याचा फटका पहिल्यांदा बसतो तो वाढत्या वयाची मुले, गरोदर व अंगावर पाजणाऱ्या महिला आणि सर्वांत शेवटी जेवायला बसणाऱ्या घरच्या बाईला. तूर परवडत नसेल तेव्हा हरभरा, मूग, मटकी, कुळीथ, चवळी यांपैकी जे स्वस्त असेल ते वापरता येते. लायसीनच्या बाबतीत ही सगळीच कडधान्ये धान्यापेक्षा सरस आहेत.

मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी मात्र डाळ किंवा प्रथिने वाढवण्याआधी डॉक्टरांचा सल्ला जरूर घ्यावा. त्यांच्यासाठीचा हिशेब वेगळा असतो.